जंतूंपासून बनणारे प्लास्टिक: ते कुठे विरघळते आणि कुठे नाही?

"डॉक्टरसाहेब, टाके काढायला कधी येऊ?" प्रसूतीनंतर किंवा एखाद्या ऑपरेशननंतर घरचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. "हे टाके आतल्या आत विरघळतात, काढावे लागत नाहीत," असे सांगितले की पुढचा प्रश्न येतो: "विरघळतात म्हणजे नेमके जातात कुठे?"

प्रश्न अगदी योग्य आहे. आता हाच प्रश्न किराणा दुकानातल्या पिशवीबद्दलही विचारायची वेळ आली आहे. "कंपोस्टेबल", "जैवविघटनशील", "मक्यापासून बनवलेली" असे छापलेल्या पिशव्या आणि कप परभणीच्या बाजारातून पिंगळीसारख्या गावांतही येऊ लागले आहेत. जिवाणू आणि शेवाळ वापरून प्लास्टिक बनवण्याच्या बातम्याही आपण वाचतो. त्यामुळे अनेकांचा समज होतो की अशी पिशवी कुठेही टाकली तरी चालते. हा समज आरोग्याच्या दृष्टीने महागात पडू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• काही जिवाणू आपल्या पेशीत प्लास्टिकसारखा पदार्थ साठवतात. काही जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्यापासून कारखान्यात प्लास्टिक तयार होते.
• असे पदार्थ टाक्यांच्या धाग्यांच्या रूपाने वैद्यकशास्त्रात वापरले जातात आणि योग्य जागी ते सुरक्षित आहेत.
• "विरघळणारे" प्लास्टिक ठरावीक परिस्थितीतच विरघळते. नालीत, उकिरड्यावर किंवा गाईच्या पोटात तशी परिस्थिती नसते.
• कोणतेही प्लास्टिक, साधे असो वा कंपोस्टेबल, जाळू नका.

जंतू प्लास्टिक कसे बनवतात?

आपण गरजेपेक्षा जास्त खाल्ले की शरीर उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपात साठवते. काही जिवाणूही असेच करतात. त्यांना साखर किंवा तेलासारखे कर्बयुक्त अन्न भरपूर मिळाले, पण वाढीसाठी लागणारा नत्र किंवा स्फुरद कमी पडला, तर ते वाढ थांबवून जास्तीचे अन्न पेशीत छोट्या दाण्यांच्या रूपात साठवतात. या दाण्यांतील पदार्थांच्या गटाला "पीएचए" म्हणतात. त्यातला सर्वात परिचित प्रकार म्हणजे "पीएचबी". फ्रान्समधील पाश्चर इन्स्टिट्यूटचे शास्त्रज्ञ मोरिस लेमॉइन यांनी १९२६ मध्ये एका जिवाणूत तो ओळखला. काही जिवाणूंच्या बाबतीत पाणी काढून टाकल्यावर उरणाऱ्या वजनाच्या सुमारे ८० टक्के वजन या साठ्याचेच असू शकते.

हे दाणे पेशीतून काढून शुद्ध केले की त्यांपासून फिल्म, बाटली किंवा धागा बनवता येतो. मातीतल्या इतर जिवाणूंना हा साठा खाता येतो, म्हणून त्याचे विघटन होते. साध्या पॉलिथिनचे असे होत नाही. पॉलिथिनची साखळी तोडण्याची सोय बहुतेक जंतूंकडे नाही.

दुसरा मार्ग आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. दही लावताना विरजणातले जिवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. त्याच घराण्यातले जिवाणू मोठ्या टाक्यांमध्ये ऊस किंवा मक्यापासून मिळालेली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात. पुढे रासायनिक प्रक्रियेने त्याची लांब साखळी जोडली की "पीएलए" नावाचे प्लास्टिक तयार होते. म्हणजे पीएचएमध्ये जिवाणू स्वतःच पूर्ण प्लास्टिक बनवतो, तर पीएलएमध्ये तो कच्चा माल देतो आणि उरलेले काम कारखाना करतो. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे अशा जैव-प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू केला. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी ही महत्त्वाची घटना आहे.

लोणारच्या पाण्यातला जिवाणू

यासाठी परदेशातली उदाहरणे शोधायची गरज नाही. जिंतूरच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्का आदळून तयार झालेल्या या विवरातले पाणी खारट आहे आणि साबणाच्या पाण्यासारखे अल्कधर्मी आहे. बहुतेक जंतू तिथे तग धरू शकत नाहीत. जे धरतात त्यांच्याकडे काही खास क्षमता असतात. जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले.

याच संस्थेतील संशोधकांनी त्याआधी लोणारच्या पाण्यातून "हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस" नावाचा जिवाणू वेगळा केला होता. तो पीएचए गटातले प्लास्टिक बनवतो. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या प्लास्टिकमध्ये दोन प्रकारचे घटक मिसळलेले असतात. नुसते पीएचबी कडक आणि ठिसूळ असते. दुसरा घटक मिसळला की ते अधिक लवचीक होते.

खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या अशा जिवाणूंचा आणखी एक फायदा आहे. कारखान्यात जंतू वाढवताना सर्वात मोठी भीती भेसळीची असते. हवेतला एखादा नको असलेला जंतू टाकीत शिरला की सगळी घाण वाया जाते. खारट, अल्कधर्मी पाण्यात असे उपरे जंतू सहसा वाढत नाहीत. आपण लोणच्यात भरपूर मीठ घालतो त्यामागेही हेच कारण आहे.

मग असे प्लास्टिक घरोघरी का दिसत नाही? मुख्य कारण खर्च. जिवाणूंना साखर द्यावी लागते, टाक्यांत हवा खेळवावी लागते, शेवटी पेशी फोडून दाणे वेगळे करावे लागतात. त्यामुळे पीएचए साध्या प्लास्टिकपेक्षा कित्येक पट महाग पडते.

शेवाळाचे काय?

निळे-हिरवे शेवाळ, ज्यात स्पिरुलिनाही येते, सूर्यप्रकाश आणि हवेतला कर्बवायू वापरून वाढते. त्याला साखर विकत आणून द्यावी लागत नाही, हे त्याचे आकर्षण. अडचण अशी की ते स्वतःहून फार थोडे पीएचबी साठवते. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अशा एका जातीत जनुकीय बदल करून आणि तिला वेगळे पोषण देऊन हे प्रमाण कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास नेले. पण हे प्रयोगशाळेतले यश आहे.

समुद्री शेवाळातले पदार्थ मात्र दवाखान्यात रोज वापरले जातात. कवळी किंवा दाताची टोपी बनवताना दंतवैद्य ज्या मऊ लगद्यात दातांचा साचा घेतात, तो बहुधा तपकिरी समुद्री शेवाळातील अल्जिनेटचा असतो. खूप पाझरणाऱ्या जखमांसाठीही अल्जिनेटची पट्टी वापरतात. प्रयोगशाळेत थुंकी किंवा लघवीतले जंतू वाढवून पाहण्यासाठी वापरले जाणारे अगार लाल समुद्री शेवाळातून येते.

तुमच्या शरीरात टाके कुठे जातात?

आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांसाठी "पॉलिग्लॅक्टिन" हा धागा खूप वापरला जातो. त्यात सुमारे ९० टक्के भाग ग्लायकोलिक आम्लापासून आणि १० टक्के भाग लॅक्टिक आम्लापासून बनलेला असतो. शरीरातील पाण्यामुळे त्याची साखळी हळूहळू तुटते. साधारण तीन आठवड्यांत धाग्याची ताकद निम्म्यावर येते आणि ५६ ते ७० दिवसांत तो पूर्ण शोषला जातो. तोपर्यंत जखम स्वतःच्या बळावर भरलेली असते. तुटून निघालेली आम्ले शरीर वापरून टाकते आणि शेवटी ती कर्बवायू व पाण्याच्या रूपात बाहेर पडतात. धावल्यावर आपल्या स्नायूंतही लॅक्टिक आम्ल तयार होतेच. त्यामुळे शरीराला ते परके नाही.

जिवाणूंनी संपूर्ण बनवलेल्या प्लास्टिकचा धागाही आता आहे. पीएचए गटातील "पी४एचबी" या पदार्थाच्या टाक्याच्या धाग्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये परवानगी दिली. हा धागा जास्त काळ ताकद टिकवतो. म्हणून पोटाची भिंत शिवणे आणि हर्नियाची जाळी अशा कामांसाठी याच पदार्थाचा उपयोग होतो.

इथे मधुमेहींना ओळखीचे वाटेल असे एक नाव येते. पीएचबीचे विघटन झाले की "हायड्रॉक्सिब्युटिरेट" तयार होते. उपवासात किंवा मधुमेह हाताबाहेर गेल्यावर रक्तात वाढणाऱ्या "कीटोन" पदार्थांपैकी हा एक. थोड्या प्रमाणात तो प्रत्येकाच्या रक्तात असतो.

टाके असलेल्या रुग्णांनी हे लक्षात ठेवावे:

• प्रसूतीनंतर खालच्या टाक्यांचे छोटे धागे एक-दोन आठवड्यांत गळून पडू शकतात. घाबरू नका आणि लोंबणारा धागा ओढू नका.
• त्वचेवरचे टाके नायलॉनचे असतील तर ते विरघळत नाहीत, वेळेवर काढावेच लागतात. घरी जाण्यापूर्वी "माझे टाके कोणते?" हे विचारून डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.
• टाक्यांभोवती लाली किंवा सूज वाढणे, पू येणे, जखम उघडणे, ताप येणे यांपैकी काहीही झाले तर "विरघळताना असे होत असेल" म्हणून थांबू नका. लगेच दाखवा.

पिशवीवरचे शब्द: अर्थ वेगवेगळे

धागा शरीरात विरघळतो, कारण शरीराचे तापमान आणि पाणी लक्षात घेऊनच तो बनवलेला असतो. पिशवीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावरचे शब्द नीट वाचायला हवेत.

जैव-आधारित: म्हणजे कच्चा माल वनस्पती किंवा जंतूंपासून आला. ती पिशवी कुजेलच असे नाही. उसापासून बनवलेले पॉलिथिनही असते आणि ते साध्या पॉलिथिनइतकेच टिकते.

जैवविघटनशील: म्हणजे जंतू तिचे कधीतरी विघटन करू शकतात. किती दिवसांत आणि कुठे, हे या शब्दातून कळत नाही.

कंपोस्टेबल: या शब्दामागे ठरावीक चाचणी असते. सुमारे ५८ अंश सेल्सियस तापमानाच्या, ओलसर, हवेशीर कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत तिच्यातील किमान ९० टक्के कर्बाचे कर्बवायूत रूपांतर झाले पाहिजे. भारतात अशा पिशवीवर "कंपोस्टेबल" हा शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा तपशील असायला हवा.

५८ अंश म्हणजे हात लावला तर चटका बसेल इतकी उष्णता. मोठ्या, नीट सांभाळलेल्या खत प्रकल्पात ती आठवडेच्या आठवडे टिकते. घरामागच्या उकिरड्यात टिकत नाही. आणखी एक गोष्ट: बाजारातील अनेक कंपोस्टेबल पिशव्यांमध्ये "पीबॅट" नावाचे, खनिज तेलापासून बनवलेले पण विघटन होणारे प्लास्टिक असते. त्यात स्टार्च किंवा पीएलए मिसळतात. म्हणजे "कंपोस्टेबल" लिहिलेली पिशवी जंतूंनीच बनवलेली असेल असेही नाही.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाने हे प्रत्यक्ष करून पाहिले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. "जैवविघटनशील" लिहिलेली पिशवी तीन वर्षे मातीत किंवा समुद्रात राहूनही सामान वाहून नेण्याइतकी शाबूत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही सापडली. फक्त तिच्यात वजन पेलण्याची ताकद उरली नव्हती.

गावात याचा आरोग्याशी काय संबंध?

डास: डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. टाकून दिलेल्या कपात पावसाचे पाणी साठले की साधारण आठ ते दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होऊ शकतो. कप कंपोस्टेबल असला तरी तो कुजायला याहून खूप जास्त वेळ लागतो. त्याच्या कितीतरी आधी डास उडालेला असतो. नालीत अडकलेल्या पिशवीचेही तसेच.

जनावरे: शिळे अन्न बांधून फेकलेली पिशवी गाय-म्हैस अन्नासकट गिळते. जनावराच्या पोटात कंपोस्ट प्रकल्पाची उष्णता नसते. पोट फुगणे, चारा कमी खाणे, दूध आटणे हे त्याचे परिणाम घरच्या अर्थकारणावर आणि मुलांच्या दुधावर होतात.

धूर: संध्याकाळी अंगणातला कचरा पेटवायची सवय अनेक गावांत आहे. प्लास्टिकच्या धुरात बारीक कण आणि विषारी वायू असतात. पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक जळले तर डायॉक्सिनसारखी घातक रसायनेही तयार होतात. "ही पिशवी मक्याची आहे, जाळली तर काय होते?" असे काही जण म्हणतात. तिच्यात क्लोरीन नसले तरी उघड्यावर जळताना बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघतोच. दमा असलेले मूल, जुनाट खोकल्याचे आजोबा, गरोदर स्त्री आणि हृदयरोगी यांना याचा त्रास सर्वात आधी होतो.

गरम चहा, गरम वरण आणि "जैव" कप

कागदी कप नुसत्या कागदाचा नसतो. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. या कणांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू आहे. इटलीतील डॉक्टरांनी २०२४ मध्ये मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या चरबीच्या थरांत प्लास्टिकचे कण आढळल्याचे सांगितले. ज्यांच्यात कण होते त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण जास्त होते. कणांमुळेच हे झाले असे यातून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही.

पीएलएचे अस्तर किंवा कप असेल तर? पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि उकळता चहा त्याहून बराच गरम असतो. शिवाय प्लास्टिकला रंग, लवचीकपणा, टिकाऊपणा देण्यासाठी इतर रसायने मिसळतात. जर्मनीतील संशोधकांनी २०२० मध्ये जैव-प्लास्टिक आणि वनस्पतीजन्य साहित्याच्या ४३ वस्तू प्रयोगशाळेतील पेशींवर तपासल्या. सुमारे दोन-तृतीयांश वस्तूंतील रसायनांचा पेशींवर विषारी परिणाम दिसला. पेशींवरचा परिणाम म्हणजे माणसाला आजार झाला असे नाही. पण "निसर्गातून आले म्हणजे निर्धोक" हे गृहीत धरू नये, एवढे नक्की कळते.

म्हणून गरम पदार्थासाठी स्टील, काच किंवा मातीचे भांडेच बरे. दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णासाठी गरम वरण-भात पिशवीत बांधून आणण्यापेक्षा स्टीलचा डबा आणा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जंतूंपासून बनलेल्या पिशवीमुळे संसर्ग होतो का?
नाही. पेशी फोडून, पदार्थ शुद्ध करून, उष्णतेने वितळवून वस्तू बनवतात. त्यात जिवंत जंतू उरत नाहीत.

सलाईनची बाटली, सिरिंज, रक्ताची पिशवी अशा प्लास्टिकची का नसते?
या वस्तू निर्जंतुक करताना उष्णता किंवा किरण सहन कराव्या लागतात. शिवाय मुदत संपेपर्यंत त्यांत जराही बदल होऊन चालत नाही. लवकर विघटन होणे इथे दोष ठरतो. त्यामुळे त्यांच्यासाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगीत पिशव्यांत वर्गीकरण आणि शास्त्रशुद्ध विल्हेवाट हाच मार्ग आहे.

घरी वापरलेल्या इन्सुलिनच्या सुया कुठे टाकायच्या?
जाड प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या डब्यात टाका, झाकण घट्ट लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. डबा तीन-चतुर्थांश भरला की तो कुठे जमा करायचा हे जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. कंपोस्टेबल पिशवीत सुया कधीही टाकू नका. ती सहज फाटते.

आपण काय करू शकतो?

• बाजारात जाताना कापडी पिशवी आणि दुधासाठी बरणी न्या. न वापरलेल्या पिशवीचा प्रश्नच उरत नाही.
• लग्न, बारसे, सप्ताह अशा कार्यक्रमांत पळसाच्या पत्रावळी आणि स्टीलचे पेले वापरा. पानांची पत्रावळ खताच्या खड्ड्यात खरोखर कुजते. मात्र तिला आतून प्लास्टिकचा थर नाही ना, हे पाहून घ्या.
• कंपोस्टेबल पिशवी घेतलीच तर तिच्यावरचे प्रमाणपत्र पाहा. ती इतर प्लास्टिकच्या भंगारात मिसळू नका, कारण त्यामुळे भंगाराचा पुनर्वापर बिघडतो.
• पावसाळ्यात आठवड्यातून एकदा घराभोवतीचे कप, करवंट्या, टायर, पिशव्या उचलून पाणी ओतून टाका.
• कचरा पेटवताना दिसला तर घरातील दमेकरी आणि लहान मुलांना आधी दूर न्या आणि खिडक्या लावा. धुरानंतर धाप वाढली, बोलताना दम लागू लागला किंवा ओठ निळसर दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

लोणारचा जिवाणू किंवा जेजुरीतल्या टाक्यांमधून तयार होणारे प्लास्टिक उद्या स्वस्त झाले, तर त्याचे स्वागतच आहे. पण ते कुजावे यासाठी ओला कचरा वेगळा गोळा होणे आणि जवळपास चालू असलेला खत प्रकल्प असणे गरजेचे आहे. ग्रामसभेत पिशव्यांच्या बंदीसोबत या दोन गोष्टींचीही मागणी करा. टाक्याच्या धाग्याला योग्य जागा मिळते म्हणून तो काम संपले की निघून जातो. पिशवीलाही तशीच योग्य जागा द्यावी लागेल.